पाचरीशिवाय

आठवडाभर मी दातांच्या टोप्या घडवतो
अल्टूनातल्या एका प्रयोगशाळेत.
खोट झाकण्याचेच पैसे मिळतात मला.
शनिवारी गाडी काढतो,
जुनियाटा नदीच्या काठाने माउंट युनियनला जातो,
आणि व्हर्लिन हॉस्टेटरच्या भट्टीचा भाता फिरवतो.

व्हर्लिन बोलतो कमी, खोकतो जास्त.
टॉमहॉकला नुसतं 'हॉक' म्हणतो,
घरच्या माणसाचं आपण अर्धंच नाव घेतो तसं.
पहिल्या दिवशी त्याने लाल झालेली पट्टी
गजाभोवती दुमडली, विडा दुमडावा तशी,
आणि लवंग टोचतात तिथे
जुन्या कानशीचा एक तुकडा सरकवला.
वर टाकणखार भुरभुरला.
'मऊ लोखंड मार खाईल,' म्हणाला, 'धार कानस धरेल.'

दांडा हिकरीचा. नेढ्यात वरून घालायचा,
कुदळीला घालतात तसा;
घावागणिक तो आपणच आवळत जातो,
पाचर लागत नाही.
हे माझ्या हातांना आधीच ठाऊक होतं,
परसातल्या आळ्यांपासून.
मी त्याला म्हण सांगितली,
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.
त्याने खिडकीबाहेर पाहिलं.
'हळू बोल,' म्हणाला, 'हिकरी ऐकतेय.'

मार्चमध्ये माझं पहिलं पातं झालं.
नेढ्याखाली केसाएवढी रेघ राहिली होती,
न बसलेल्या सांध्याची.
तिच्यावर मी चांदीची चंद्रकोर बसवली.
खाच कोरली, कडा आतून कापल्या,
तार ठोकून ठोकून भरली.
दाताचंच काम,
फक्त समोर कोणी आ वासलेला नव्हता.
कोर इतकी सुबक उतरली
की रेघ मी स्वतःच विसरलो.

व्हर्लिनने पातं दोरीला टांगलं,
हातोडीची टिचकी मारली.
चांगलं पातं घंटेसारखं बोलतं.
माझं बोललं बाजारातल्या त्या मडक्यासारखं
जे आई वाजवून परत ठेवायची.
छिन्नी त्याने माझ्याच हातात दिली.
कोर निघाली. खाली रेघ, रेघेत काजळी.
'तोंडात चालत असेल,' तो म्हणाला,
'हे माणसाच्या डोक्यावरून फिरतं.'

दुसऱ्या पात्यावर मी काहीच कोरलं नाही.
रागाने असेल. लाजेने असेल.

ते न्यायला लाइल जिमर्सन आला,
सलामांकाहून, सेनेका माणूस, टोपल्या विणणारा.
काळ्या ॲशच्या ओंडक्यावर
मागच्या बोथट बाजूने ठोकत राहायचं,
मग एकेका वर्षाचं वलय
पट्टी होऊन सुटून येतं.
हिरवा भुंगा ती झाडं खात सुटलाय,
उरलीत तोवर विणायचं, म्हणाला.
टॉमहॉक या शब्दावर हसला:
'तो शब्द शेजाऱ्यांचा. आमच्यात ही कुऱ्हाड.'

मग दांडा उन्हात धरून त्याने विचारलं,
पितळी चुका आहेत का? तीन हव्यात.
माझा जीव भांड्यात पडला. अखेर नक्षी!
मी विचारलं, त्रिकोणात? फुलासारख्या?
कोरीच्या आकारात?
तो दांड्यावर अंगठा टेकवत गेला.
'इथे. ही छोट्या टोपलीची पट्टी.
इथे मका धुवायच्या टोपलीची.
आणि इथे कपड्यांच्या.'

दोन नीट बसल्या.
तिसरी ठोकताना केसभर सरकली.
मी गप्प बसू शकलो असतो,
पितळ चमकत होतं, कोणाला दिसलं नसतं.
'चुकली,' मी म्हणालो, आणि पक्कड उचलली.

लाइलने माझं मनगट धरलं.
नखाने अंतर चाचपलं, पुन्हा चाचपलं.
'राहू दे,' म्हणाला,
'यापुढे कपड्यांच्या टोपल्या एवढ्याच रुंद.'